पहिला श्वास

१

गाणं माझ्याकडे येतं तेव्हा ते अजून कोणी गायलेलं नसतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

माझं नाव मरगदम. मी मद्रासच्या कोडंबाक्कमला राहते आणि ट्रॅक गाते. चाल बांधून झाली, वाद्यं टेपवर घेऊन झाली, की मोठी गायिका मद्रासला येईपर्यंत त्या चालीला कोणाचा तरी गळा लागतो. तो माझा असतो. माझं ऐकून मोठी गायिका गाणं शिकते. तिचं गाणं नीट बसलं की माझा आवाज पुसतात. आम्ही शब्दही तोच वापरतो, फळा पुसावा तसा.

लोकांना वाटतं, बिचारीला किती लागत असेल. मला कधी लागलं नाही. आमच्याकडे सिनेमा गाण्यांवर चालतो. नायिकेला उंबऱ्यात उभं राहून जे म्हणता येत नाही, ते ती गाण्यात म्हणते, आणि समोर बसलेल्या शंभर बायका ते आपलं म्हणून घरी नेतात. कथा थिएटरातच राहते. गाणं लोकांबरोबर बसमध्ये चढतं, न्हाव्याच्या दुकानात बसतं, लग्नाच्या मांडवात वाजतं, आणि माणूस गेला की त्याच्यापुढे बँडवरही वाजतं. त्यातली कितीतरी गाणी कपाटाएवढ्या एका खोलीत पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडली. माझ्याआधी त्यांच्यावरून कोणाचा श्वाससुद्धा फिरला नव्हता. रस्त्यात एखादं पोर ते गाणं ओरडत निघालं की मी मान ताठ ठेवून पुढे जाते.

मोठ्या गायिका उत्तरेकडून येतात. त्यांना तमिळ येत नाही. माझ्या ट्रॅकवर जे असेल ते त्या जसंच्या तसं उचलतात. एकदा मला सर्दी झाली होती. 'मल्ली', म्हणजे मोगरा, हा शब्द नाकातून न येता 'बल्ली' असा आला. आमच्या कानाला ती पाल. मुंबईच्या बाईंनी तो तस्साच उचलला आणि मोठ्या भावनेनं गायल्या, की नायिकेनं केसात पाल माळली आहे. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं. तेव्हापासून ध्वनिमुद्रक कोशी मला कधी कधी पाल-अक्का म्हणतो. मी त्याला म्हणते, "पाल तर पाल. चिकटली ना गाण्याला?"

घरी अम्मा असते. तिचा एक कान कामातून गेला आहे. दुसरा ती दिवसभर रेडिओला लावून बसते. मी दारात चपला काढत असते तोवर आतून विचारते, "आली का गं पुसलेली पाटी?"

"आली."

"रेडिओवर एकदा तुझं नाव येऊ दे. शेजारच्या सरोजाला बोलावून ऐकवीन. मग माझे डोळे मिटले तरी चालतील."

"मग मी गातच नाही. तू डोळे उघडेच ठेव."

ती हसायची. पण नावाचं तिनं मनावर घेतलं होतं, हे मला माहीत होतं.

२

संगीतकार नल्लशिवम मास्टरांनी मला बोलावलं ते फलाटावरच्या गाण्यासाठी. सिनेमातली बाई नवऱ्याला पोचवायला स्टेशनवर आलेली आहे. तो मुंबईची गाडी धरून दुबईला चालला आहे. आमच्या गल्लीत अशा पाच-सहा बायका सहज निघतील, तेव्हा प्रसंग मला समजावून सांगायची गरज नव्हती. गाण्याचा सगळा जीव एका शब्दात होता, 'पोगादे'. जाऊ नकोस.

मास्टरांनी पेटीवर चाल ऐकवली आणि पेटी बंद करून म्हणाले, "अक्का, याला मोठा गळा नको. घरातला गळा हवा. तुमचाच ठेवायचं माझ्या मनात आहे."

मी पदर सारखा केला.

"निर्मात्याचं काय?"

"त्याला मी बघतो. तुम्ही फायनल रेकॉर्डिंग नीट द्या. कॅसेटवर नाव तुमचं."

कोशी काचेपलीकडून म्हणाला, "मास्टर, सवयीनं माझा हात पुसण्याच्या बटणावर जाईल. माझा हात तरी बांधून ठेवा."

सकाळची वेळ होती. कापूर लावून झाला होता, नारळ फुटला होता, त्याचा वास अजून गालिच्याला होता. मी गायनाच्या खोलीत गेले. चारी बाजूंना लाकूड, एका बाजूला काच, काचेपलीकडे कोशीचं यंत्र. दार लावलं की बाहेरचं जग बंद होतं. कानात पहिल्यांदा तुमचंच रक्त ऐकू येतं, मग तेही सवयीचं होतं. मी गरम पाण्याचा घोट घेतला, ताडाच्या साखरेचा खडा जिभेखाली धरला, हेडफोन चढवला. लाल दिवा लागला.

आधी व्हायोलिनं होती. मग बासरीचा एक तुकडा. मग माझी जागा. मी ओठ उघडले, आणि माझ्या आत हवा जायच्या आधी माझ्या कानात कोणीतरी श्वास घेतला.

ती खरखर नव्हती. बाईचा श्वास होता, नाकातून घेतलेला, शेवटी घशाला जरासा अडकलेला. गाणाऱ्या माणसाला श्वासावरून कळतं, पुढची ओळ किती लांब आहे. आखूड ओळीला कोणी पोटभर हवा घेत नाही. हा श्वास त्या ओळीला बरोबर पुरेल एवढाच होता. तो घेणाऱ्या बाईला ओळ माहीत होती.

३

मी घाबरले असं म्हणणार नाही. गायचं थांबवलं आणि विचारलं, "कोशी, या टेपवर आधी कोणी गायलंय का?"

"नाही अक्का. का?"

"श्वास ऐकू येतोय."

त्यानं मला समजावलं. जाड टेप गुंडाळून ठेवली की एका वेढ्यावरचा आवाज खालच्या वेढ्यावर हलकासा उमटतो, म्हणून कधी कधी गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याची सावली ऐकू येते. हे मला ठाऊक होतं. पण सावली पडायला आधी गाणं टेपवर असावं लागतं. ते तर अजून माझ्या पोटात होतं.

तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "टेप वापरलेली असेल, नीट पुसली गेली नसेल." त्यानं कोऱ्या टेपचं खोकं माझ्यासमोर फोडलं, वाद्यं तिच्यावर उतरवून घेतली. यात सकाळ गेली. पुन्हा लाल दिवा, पुन्हा व्हायोलिन, बासरी. पुन्हा तो श्वास, तसाच, त्याच जागी.

कोशीनं माझा हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला. त्याला काही ऐकू आलं नाही.

"तुमचाच असेल अक्का. माइकमधून फिरून तुमच्याच कानात येतोय."

"फिरून येईल तो माझ्यानंतर येईल. हा आधी येतो."

"मग तुम्ही उशिरा गाताय," तो म्हणाला आणि हसला.

मी हसले नाही. कारण तेच होत होतं. ओळीआधी तो श्वास यायचा, मी त्याच्या मागून जायचे, आणि ओळ अशी सुटायची की विचारू नका. कुठे दम कमी पडत नव्हता, कुठे सूर शोधावा लागत नव्हता. अंधारात कोणीतरी हात धरून जिना चढवावा तसं. दुसऱ्या कडव्यात माझ्या गळ्यातून एक बारीक हरकत गेली. ती मी ठरवली नव्हती. मास्टर काचेपलीकडे डोळे मिटून मान डोलवत होते.

"अक्का," ते नंतर म्हणाले, "इतकी वर्षं हा गळा कुठे लपवून ठेवला होता?"

मी हेडफोन खुंटीला अडकवला. मोठ्या गायिका माझ्या ट्रॅकवर कशा गातात ते मी कितीदा पाहिलं आहे. चेहरा मोकळा, कपाळावर आठी नाही, कारण पुढे कोणीतरी चालतं आहे. आज तसा चेहरा घेऊन मी उभी होते.

४

फायनल आठवड्यानं होतं. मधल्या दिवसांत मी स्वतःला तपासत राहिले. कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आत दिवा घालून पाहिलं आणि म्हणाले, "कान तरुण आहेत, बाकीचं मला विचारू नका." दुसऱ्या एका स्टुडिओत जाहिरातीचं गाणं गायले. तिथे काही नव्हतं. म्हणजे कान ठीक, गळा ठीक. राहिलं ते फलाटावरचं गाणं.

मग मला वाटलं, हा नावाचा मोह असेल. जन्मात पहिल्यांदा आवाज राहणार म्हणून मन आपलेच खेळ करत असेल. हे कारण मला पटलं. मी ते दोन दिवस धरून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात सांबारासाठी चिंच कोळत होते आणि ते गाणं गुणगुणत होते. अम्मानं बाहेरून हाक मारली.

"सरोजा आली आहे का गं?"

"नाही."

"मग दुसरी कोण आहे तुझ्याबरोबर?"

"कोणी नाही. मीच."

"असं होय. मला वाटलं, तुला कोणीतरी शिकवतंय."

अम्माला एकाच कानानं ऐकू येतं, तेव्हा हे मी पुरावा म्हणून धरत नाही. पण चिंचेचं पाणी हाताशी तसंच राहिलं आणि त्या दिवशी आम्ही ताकभात खाल्ला.

त्या संध्याकाळी मला राग आला. भीतीपेक्षा राग बरा, त्यानं पाठ सरळ राहते. नाव, कॅसेट, रेडिओ हे सगळं मिळणार होतं, पण गाणं मिळणार नव्हतं. ते माझ्याकडे उष्टं येत होतं. आणि माझ्याजवळ आयुष्यात सांगण्यासारखं एवढंच होतं, की मी कोणाचं उष्टं गायले नाही.

५

फायनलच्या सकाळी अम्मानं मला कांचीपुरमची साडी नेसायला लावली. "आवाज दिसत नाही, पण नेसलेलं त्याला कळतं," म्हणाली. सरोजाला तिनं सांगूनही टाकलं होतं.

लाल दिवा लागला. पलीकडच्या खोलीतले दिवे कोशीनं नेहमीप्रमाणे कमी केले, त्यामुळे काचेत मीच दिसत होते, साडी, हेडफोन आणि मान. मी हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली. मला बघायचं होतं. व्हायोलिनं एका कानात राहिली. श्वास मोकळ्या कानात आला. टेपमधून येत नव्हता तो. खोलीत होता.

मी पहिली ओळ त्याच्या मागून गायले. दुसरीही. 'पोगादे' जवळ येत होता. त्या शब्दाआधी श्वासाची जागा आहे, मास्टरांनी चालीतच ठेवलेली. तिथे ती श्वास घेणारी वाट पाहत असणार हे मला कळत होतं.

मी काचेकडे पाहिलं. काचेतल्या मानेत घसा वर गेला आणि खाली आला. मी गिळलं नव्हतं. काचेतले ओठ विलग झाले. माझे मिटलेले होते.

तेव्हा मी श्वास न घेता गायले. आधीच्या ओळीतून छातीत जेवढं उरलं होतं तेवढ्यावर, तिच्या आधी, नुसतं पहिलं अक्षर म्हटलं: "पो."

आणि हवा संपली. शब्द मधेच तुटला. मी तिथे श्वास घेतला, जिथे कोणीही कधी घेणार नाही अशा जागी, अक्षरांच्या मधोमध, आणि मग उरलेलं म्हटलं: "…गादे."

आमच्या भाषेत 'पोगादे' म्हणजे जाऊ नकोस. पण नुसतं 'पो' म्हणजे जा.

खोली शांत झाली. गायनाची खोली शांतच असते, पण त्या दिवसांत ती किती भरलेली होती हे मला तेव्हा समजलं. काच रिकामी होती. साडी नाही, हेडफोन नाही, मान नाही. मी काचेसमोर उभी होते तरी. एका मात्रेपुरतं. मग मी परत दिसू लागले, नेहमीसारखी, घाम आलेली.

उरलेलं गाणं मी एकटीनं गायले. जड गेलं. वरच्या सुरावर आवाजाला किंचित चीर पडली. ते सगळं माझं होतं.

मास्टर दार उघडून आत आले. "अक्का, काय केलंत हे? ती त्याला नको म्हणतेय आणि तुम्ही जा म्हणालात."

"हो."

"कवी माझ्या दारात येऊन बसेल. पुन्हा घेऊ. श्वास त्याच्या जागेवर घ्या. एवढं झालं की नाव तुमचं."

"मास्टर, हे ठेवा. नाहीतर पुसा."

कोशी यंत्रावरून उठून आला होता. "अक्का, एका श्वासाचा प्रश्न आहे. हट्ट कशाला?"

"कारण तरी सांगा," मास्टर म्हणाले.

कारण सांगता आलं नसतं. "त्या जागी श्वास घेतला तर गाणं माझं राहणार नाही," मी म्हणाले. मास्टर रागावले नव्हते. हे वाक्य कुठल्याही गाणाऱ्यानं म्हणावं असंच होतं.

"मग कलकत्त्याच्या बाईंना बोलवावं लागेल."

"बोलवा."

घरी मी चपला काढल्या. आतून आवाज आला, "आली का गं…" आणि माझा चेहरा बघून तिनं पुढचं गिळलं. "साडी बदल," म्हणाली. "हळद पडेल तिच्यावर."

६

नीलांजना सरखेल पंधरा दिवसांनी आल्या. मोठी गायिका, पण बसल्या माझ्याशेजारी, मांडी घालून. माझा ट्रॅक त्यांनी येतानाच ऐकून ठेवला होता. शब्द बंगाली अक्षरांत उतरवले होते आणि जिथे मी श्वास घेतला तिथे तिथे एक उभी रेघ ओढली होती. एक रेघ शब्दाच्या पोटातून गेली होती.

"दीदी, इथे तुम्ही शब्द तोडलाय."

"तो घेऊ नका. मास्टरांना नको आहे."

"अर्थ काय होतो?"

"आधी 'जा' होतो. मग 'नकोस' होतो."

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. म्हणाल्या, "स्टेशनवर सगळ्या असंच म्हणतात."

पहिल्या टेकला त्यांनी शब्द तिथेच तोडला. मास्टरांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्यांदा बाई मास्टरांनी सांगितलेल्या जागी श्वास घेऊन गायल्या, सुरेख गायल्या. निर्माता मागे खुर्चीत बसला होता, चणे खात. तो म्हणाला, "ते आधीचं लावा हो." ते ऐकताना त्याच्या हातातले चणे हातातच राहिले. मास्टर माझ्याकडे वळले आणि त्यांनी होकारार्थी मान हलवली. कोशीनं माझा ट्रॅक पुसला. मी बघत होते.

पोंगलच्या सुमाराला सिनेमा आला. कथा लोक महिनाभरात विसरले असतील. पण त्या हंगामात बसमध्ये, विहिरीवर, विमानतळाबाहेरच्या गर्दीत जो कोणी ते गाणं म्हणायचा, तो हा शब्द तोडायचा. शाळेतली पोरं मधेच दम घेऊन, डोळे मोठे करून म्हणायची. व्याकरणाच्या मास्तरांनी वर्तमानपत्रात तक्रार केली. ते कात्रण मी आरशाच्या कोपऱ्यात खोचलं.

रेडिओवर पहिल्यांदा लागलं तेव्हा निवेदिकेनं नाव सांगितलं, नीलांजना सरखेल. अम्मानं तोंड वाकडं केलं. मग गाणं त्या जागेवर आलं आणि तिनं चांगला कान रेडिओला टेकवला.

"हे तुझं आहे."

"नाव त्यांचं आहे, अम्मा."

"नाव असू दे. सर्दी होऊन नाक गळत गायलीस तरी मी तुला ओळखते." आणि तिनं खिडकीतून हाक मारली, "सरोजा, इकडे ये गं. ऐक. हा शब्द माझ्या पोरीनं मोडलाय."

इतक्या वर्षांत मी घरात कधी रडले नव्हते. त्या दिवशी कांदा घेऊन बसले.

७

इथे थांबता आलं असतं.

चैत्रात मला दुसऱ्या संगीतकाराकडून बोलावणं आलं. वेगळा स्टुडिओ, वेगळी टेप, लग्नाचं आनंदी गाणं. नादस्वरम म्हणजे आमची सनई, तविल म्हणजे ढोल, आणि मग माझी जागा. हेडफोन चढवताना मी कान देऊन ऐकलं. काही नव्हतं. नादस्वरम संपलं. कानात स्वच्छ जागा होती, सारवलेल्या अंगणासारखी. मी पहिली होते. मी ओठ उघडले.

श्वास आला नाही. त्याऐवजी माझ्या कानाशी, छातीत उरलेल्या शेवटच्या हवेवर, माझ्याच आवाजात कोणीतरी म्हणालं:

"पो."

त्या गाण्यात हा शब्द नव्हता. तिथे अंगण होतं, केळीचे खांब होते, नवरी होती. वाद्यं पुढे निघून गेली. मी थांबले होते, कारण शब्द अर्धाच होता. तिनं माझ्याकडून तोडायला शिकून घेतलं होतं, अगदी माझ्यासारखं. मोठ्या गायिकांनाही इतकं हुबेहूब साधत नाही. आता मधे श्वास यायला हवा होता, आणि मग 'गादे'. तो आला तर ती मला राहा म्हणाली. नाही आला तर जा म्हणाली.

"अक्का, जागा गेली तुमची," काचेपलीकडून नवा ध्वनिमुद्रक म्हणाला.

"गेली नाही," मी म्हणाले. "पुन्हा लावा. मी इथेच आहे."

टेप मागे फिरायला लागली. मी काचेकडे पाहिलं. माझे ओठ मिटलेले होते. काचेत तिचे उघडे होते, पहिलं अक्षर म्हणून झालेले, हवेसाठी थांबलेले.

नादस्वरम सुरू व्हायला अजून अवकाश होता. मी त्याच्या कितीतरी आधी, तिच्याही आधी, सावकाश, पोटभर, त्या खोलीतला श्वास घेतला आणि धरून ठेवला.